लिफ्टशेजारची दहा माणसं

त्या पाचमजली सरकारी कचेरीत चालू लिफ्ट एकच होती आणि तिचे कप्तानही एकच. त्यांचं खरं नाव हजेरीपटात होतं, पण ते फारसं कुणी वापरायचं नाही. सव्वीस वर्षं ते जाळीचा दरवाजा ओढत होते, पितळी मूठ फिरवत होते, माणसांना वर नेऊन सोडत होते आणि खाली आणून सोडत होते. कधीकाळी एका कारकुनाने गमतीने म्हटलं, हे आमच्या जहाजाचे कप्तान, आणि तेच नाव चिकटलं. शेजारणी त्यांच्या बायकोला कप्तानीण म्हणायच्या. त्या माउलीला ते आवडायचंही.

लिफ्ट जुनी आणि हट्टी होती. तिसऱ्या मजल्यावर ती नेहमी चार बोटं वर थांबायची. कप्तान मूठ हलकेच मागे घ्यायचे, मग ती कुरकुरत फरशीला लागायची. हे कसब दुसऱ्या कुणाला साधलं नाही. एकदा कप्तान तापाने घरी होते तेव्हा मुकादमाने मूठ हातात घेतली आणि हेडक्लार्कना तिसऱ्या मजल्यावर उडी मारून उतरावं लागलं. त्या दिवसापासून कप्तानांची रजा मंजूर करताना लोक त्यांच्या तब्येतीची जरा जास्तच चौकशी करत.

देव प्रत्येकाला काही ना काही जास्तीचं देऊन पाठवतो. कुणाला गळा देतो, कुणाच्या हाताला चव देतो. कप्तानांना त्याने संशय दिला होता, आणि देताना हात मुळीच आखडता घेतला नव्हता. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या की ते त्या मोजायचे, मग पाकिटावरची तारीख बघायचे, मग दुकानदाराने पाकीट देताना नजर का चुकवली याचा विचार करत बसायचे. शेजाऱ्याने सहज "आज ताजेतवाने दिसताय" म्हटलं की याला आपल्याकडून काय हवंय हे शोधण्यात त्यांचे दोन दिवस जायचे. बायको सकाळ-संध्याकाळ डोळे मिटून प्रार्थनेला बसे, तेव्हा हे मागून विचारायचे, माझं नाव घेतलंस ना, पूर्ण घे, त्याच्याकडे एका नावाचे खूप असतील. ती डोळे न उघडता म्हणायची, त्याला मजला नाही सांगावा लागत, तो बरोबर पोचतो.

सगळ्यात जास्त संशय त्यांना भिंतीवरच्या कागदाचा होता. याला कारण होतं. सव्वीस वर्षांत त्या इमारतीच्या भिंतीवर जो जो कागद लागला, त्याने काहीतरी नेलंच. एका कागदाने चौथ्या श्रेणीच्या लोकांची बसायची खोली नेली. दुसऱ्याने शनिवारची अर्धी सुट्टी नेली. तिसऱ्याने मागची दुसरी लिफ्ट बंद केली, आणि ती चालवणारा त्यांचा सोबती तळघरातल्या भंगारखोलीत मोडक्या खुर्च्या राखायला गेला. तो माणूस पूर्वी दिवसभर लोकांशी बोलायचा. आता तो खुर्च्यांशी बोलतो असं सफाईवाल्या मावशी सांगायच्या, आणि त्यात त्यांना हसू येत नसे.

तर एका सोमवारी कप्तान कामावर आले आणि लिफ्टच्या दाराशेजारी एक बाई भिंतीवर चित्र चिकटवत होत्या. तिशीच्या असतील. खांद्याला कापडी पिशवी, दातांत चिकटपट्टीचा तुकडा. चौथ्या मजल्यावर आरोग्य खातं होतं, तिथे त्या महिनाभरापूर्वी लागल्या होत्या. चित्रात दहा माणसं होती. सात हिरवी, पाय उचलून जिना चढणारी. तीन राखाडी, खुर्चीत बसलेली, मान खाली घातलेली. एक अक्षरही नव्हतं.

कप्तानांनी विचारलं, हे काय आहे मॅडम. त्यांनी पट्टी दातांतून काढली आणि हसून म्हटलं, "तुम्हीच सांगा ना काका, तुम्हाला काय दिसतंय?"

कागद लावणाऱ्यानेच कागदाचा अर्थ विचारावा, हे कप्तानांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. ही परीक्षा आहे हे त्यांनी तिथेच ओळखलं. "छान आहे," ते म्हणाले. मॅडमनी पिशवीतून वही काढून काहीतरी लिहिलं. लिहिलं, हे फार वाईट झालं.

दुपारी डबे उघडले तेव्हा विषय निघालाच. बसायची खोली गेल्यापासून सगळे पंपाच्या खोलीत जेवायचे. मुकादमाने आधी बोटांवर मोजलं, मग मोठ्याने मोजलं. लिफ्टवर एक, फाटकावर दोन पहारेकरी, शिपाई तीन, सफाईच्या बायका तीन आणि ते स्वतः. दहा. तळघरातला एक सोडला तर चौथ्या श्रेणीत या इमारतीत माणसं बरोबर दहा होती.

मग कोण चालतं आणि कोण बसतं याची छाननी सुरू झाली. पहारेकऱ्यांतला एक आवारात फेऱ्या मारायचा, दुसरा फाटकावर खुर्ची टाकून बसायचा. दोन शिपाई फायली घेऊन पळायचे, तिसरा रेकॉर्डच्या खोलीत बसायचा. आणि कप्तान स्टुलावर बसायचे. तीन. मावशी म्हणाल्या की चित्रातल्या एकालाही वेणी नाही, म्हणजे आम्ही तिघी हिशेबातच नाही, तुमचं तुम्ही बघा. पण त्यांनीही अर्ध्या डब्यावरच झाकण लावलं.

तिघांना काढणार, हे ठरलं. म्हणजे ठरवलं कुणीच नव्हतं, पण पंपाच्या खोलीतून बाहेर पडताना ते प्रत्येकाला पक्कं माहीत होतं. कप्तानांची नोकरीची चार वर्षं राहिली होती. काढलं नाही तरी भंगारखोलीत टाकतील, आणि तिथे एकाला सोबत हवीच होती.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली की त्या बाईंना सरळ विचारा ना. कप्तान चिडले. सरळ विचारलं की त्यांना कळणार, आपल्याला कळलंय. मग जे महिन्याने करणार ते उद्याच करतील. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही वर-खाली सोडून दुसरीकडे कुठे बघतच नाही." हा टोमणा होता की उपदेश, हे कप्तानांना रात्री झोपेपर्यंत ठरवता आलं नाही.

मंगळवारी त्यांनी स्टूल उचलून पंपाच्या खोलीत नेऊन ठेवलं आणि उभ्याने मूठ फिरवायला लागले. अकराच्या सुमारास फाटकावरची खुर्ची तिथे येऊन पोचली. जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्डवालाही आपली खुर्ची डोक्यावर घेऊन आला. पंपाच्या खोलीत आता बसायला जागाच जागा होती आणि बसायची कुणाची छाती नव्हती.

पण नुसतं उभं राहून भागणार नव्हतं. मॅडम रोज सकाळी दहाला येऊन जिन्याच्या पायथ्याशी थांबायच्या. वहीत दोन रकाने, एक लिफ्टचा, एक जिन्याचा. येणाऱ्या प्रत्येक माणसामागे एक रेघ. कप्तानांनी दोन दिवस ते तिरप्या नजरेने पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं की लिफ्ट लागते कुणाला, याचा हा पुरावा गोळा होतोय. जिन्याचा रकाना भरला की लिफ्ट बंद. लिफ्ट बंद की कप्तान बंद.

मग ते कामाला लागले. जो माणूस सव्वीस वर्षं कुणाला आपणहून "या" म्हणाला नव्हता, तो आता दारात उभा राहून लोकांना बोलवायला लागला. पहिल्या मजल्यावर जाणाऱ्यालासुद्धा. एक मजला तरी कशाला चढता, गुडघे काय पुन्हा मिळणार आहेत का, या, जागा आहे. जिन्याची तिसरी पायरी चढलेल्या एका तरुण कारकुनाला त्यांनी दंडाला धरून खाली आणलं. तो बिचारा ओशाळून आत शिरला. लोकांना वाटलं कप्तानांचा स्वभाव निवळला. कुणी म्हणालं वय झालं की माणूस मऊ होतो. मॅडम जिन्यापाशी वही घेऊन गोंधळल्यासारख्या उभ्या राहायच्या, आणि लिफ्टच्या रकान्यात रेघा वाढत जायच्या. कप्तानांचे पाय संध्याकाळी सुजलेले असायचे. बायको गरम पाण्याचं घमेलं पुढे सरकवायची.

हे नऊ दिवस चाललं.

दहाव्या दिवशी पाचव्या मजल्यावरचे मोठे साहेब आणि मॅडम एकदमच लिफ्टमध्ये शिरले. लिफ्टमधली माणसं कप्तानांसमोर भिंतीसमोर बोलावं तशी बोलायची. मॅडम खालच्या आवाजात सांगत होत्या की चित्र लावण्याआधी शंभरातले तीस जण जिन्याने जायचे, आता अठराच जातात. असं उलटं का झालं ते कळत नाही, आणखी पंधरा दिवस द्या. साहेब घड्याळ बघत म्हणाले, "चित्राने होत नसेल तर कुलपाने होईल."

कप्तानांचा हात मुठीवर तसाच राहिला. त्या दिवशी लिफ्ट पाचव्या मजल्यावरही चार बोटं वर थांबली.

दुसऱ्या सकाळी दहा माणसांच्या चित्राखाली नवा कागद होता आणि यात अक्षरं होती. सकाळी दहा ते बारा आणि दुपारी दोन ते चार लिफ्ट बंद राहील, सर्वांनी जिन्याचा वापर करावा. महिन्याभराने फेरविचार करून लिफ्ट कायमची बंद करण्याविषयी आणि तिच्या चालकाला अन्यत्र सामावून घेण्याविषयी निर्णय होईल. कप्तानांनी 'अन्यत्र' हा शब्द दोनदा वाचला. तळघराचा जिना तिथून दहा पावलांवर होता.

मुकादम हळहळले. बघा, चित्रात होतंच, म्हणाले. पण कप्तानांच्या डोक्यात दुसरंच फिरत होतं. तिसाचे अठरा कुणी केले? दंडाला धरून माणसं कुणी आत ओढली? ज्याच्या भीतीने हे सगळं केलं, ते आपण स्वतःच्या हाताने ओढून आणलं होतं. संशय घ्यायला या खेपेला दुसरं कुणी सापडेना.

दहा वाजता लिफ्टच्या जाळीला कुलूप लागलं आणि कप्तानांना काही काम उरलं नाही. चौथ्या मजल्यावर जायचं तर आता जिनाच होता. ते चढायला लागले. या जिन्याने ते सव्वीस वर्षांत पाच-सहा वेळाच गेले असतील. पहिल्या मजल्यापर्यंत ऐट होती. दुसऱ्यावर त्यांनी कठड्याला हात लावला. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधल्या वळणावर एक खिडकी होती, तिच्यातून मागच्या गल्लीतलं छापखान्याचं छप्पर दिसायचं, हे त्यांना आज कळलं. खिडकी बघायच्या निमित्ताने ते तिथे चांगली पाच मिनिटं थांबले. तिसऱ्यावर एक शिपाई फायली घेऊन सपासप खाली उतरत गेला. त्याने काही म्हटलं नाही हे त्याचे उपकार.

चौथ्या मजल्यावर मॅडमच्या दारात ते पोचले तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. पाणी दिलं, तेही आधी निरखून पाहिलं, मग घटाघटा प्यायले. टेबलावर सगळीकडे माणसंच माणसं होती, कागदाची, हिरवी, राखाडी, पळणारी, वाकणारी, वजन उचलणारी, एकालाही तोंड नाही.

दम परत आल्यावर कप्तान बोलले. स्टुलाचं सांगितलं, खुर्च्यांचं सांगितलं, लोकांना कसं आत ओढलं ते सांगितलं. दहाचा हिशेब सांगितला. मॅडम ऐकताना हळूहळू खुर्चीत मागे सरकत गेल्या.

"काका, ती दहा माणसं म्हणजे तुम्ही नाही हो. जगभरातल्या प्रौढ माणसांबद्दलचा अंदाज आहे तो. दहातली तीन पुरेशी हालचाल करत नाहीत, इतकंच."

"कुठली दहा?"

"कुठलीही दहा."

कप्तानांनी मान हलवली. कुठलीही दहा माणसं त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांनी पाहिली ती पंपाच्या खोलीतली दहा.

मॅडमनी वही उघडून दाखवली. चित्रात काय दिसतं असं त्यांनी एकेचाळीस जणांना विचारलं होतं आणि एकेचाळीस जणांनी 'छान आहे' असं सांगितलं होतं. शब्दांशिवाय चित्र समजतं का, हेच त्यांना बघायचं होतं. समजलं असं धरून त्या पुढे गेल्या होत्या. "एकानेही खरं सांगितलं नाही?" त्या म्हणाल्या. हे त्या कप्तानांना विचारत होत्या की वहीला, ते कळलं नाही. मग त्यांनी अगदी सहज आणखी एक गोष्ट सांगितली, की एका जागी नुसतं उभं राहिल्याने तसा फारसा व्यायाम होत नाही, आठवड्यातून दीडशे मिनिटं भराभर चालायला हवं. कप्तानांना लिफ्ट बंद झाल्याचं जितकं लागलं, जवळजवळ तितकंच हे लागलं. नऊ दिवसांची पायांची सूज पाण्यात गेली होती.

आकडे बिघडले कसे हे कळलं तर साहेब आदेश मागे घेतील, मॅडम म्हणाल्या. पण नुसत्या तोंडी सांगण्याला साहेबांकडे किंमत नव्हती.

"लिहून द्याल?"

कप्तान दारापर्यंत गेले. उद्या सांगतो म्हणाले आणि जिना उतरले.

घरी ते बराच वेळ विचार करत बसले. कागदाने आजवर नेलंच होतं, आणि आता हा कागद तर स्वतःच्या हाताने, स्वतःच्या गुन्ह्याचा लिहायचा. सरकारी कामात ढवळाढवळ म्हणून चार वर्षं राहिलेली नोकरी तिथेच संपवतील. त्या मॅडम स्वतःचा आकडा वाचवायला आपला बळी देत नाहीत कशावरून? बायकोने दिवा लावला होता, ती प्रार्थनेला बसायच्या बेतात होती. खरं लिहायला भीती कसली, ती म्हणाली. खरंच तर धरतात, हे म्हणाले. खोट्याला कोण विचारतो?

ती वळून त्यांच्यासमोर बसली.

"तीस वर्षं मी रोज तुमच्यासाठी मागते. उद्या सकाळी नाही मागणार. तुम्ही आधी सही करा, मग मी मागेन. नाहीतर त्याला वाटायचं, सगळं मीच करायचं का."

कप्तानांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. यात काही डाव आहे का, हे त्यांनी बऱ्याच बाजूंनी तपासलं. सापडला नाही.

सकाळी त्यांनी अर्धं पान लिहिलं. अक्षर कोंबडीचे पाय, पण स्वच्छ. फाटकावरच्या पहारेकऱ्याचं किंवा रेकॉर्डवाल्याचं नाव त्यात कुठेही येऊ दिलं नाही. खाली पूर्ण नाव घातलं आणि जिन्याने वर नेऊन दिलं.

तीन दिवस काहीच झालं नाही. चौथ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. चिठ्ठी त्यांच्या टेबलावर होती, शेजारी ते चित्र. साहेबांनी विचारलं, लोकांना बळेच लिफ्टमध्ये घेत होता का. कप्तान हो म्हणाले. का, साहेबांनी विचारलं.

"चित्रात मी राखाडी होतो, साहेब."

साहेबांनी चित्र जवळ ओढलं. बराच वेळ पाहिलं. त्यांची स्वतःची खुर्ची मोठी, गादीची, पाठ टेकायची होती.

"आणि बाकीचे दोघं कोण?"

"ते काही मला माहीत नाही."

साहेबांनी मग कप्तानांना चांगली दहा मिनिटं झापलं. सरकारी पाहणीत लुडबूड म्हणजे काय, वय काय, वागणं काय, या वेळेला ताकीद देऊन सोडतो, पुन्हा असं ऐकलं तर याद राखा. कप्तान मान खाली घालून उभे होते. बोलणी खाताना त्यांना इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. ताकीद म्हणजे नोकरी आहे.

दुसऱ्या दिवशी कागद लागला. लिफ्टच्या वेळांबाबतचा आदेश पुढील आदेश होईपर्यंत स्थगित करण्यात येत आहे. जाळीचं कुलूप निघालं. मुकादमाने कप्तानांच्या पाठीवर थाप मारली, मावशींनी स्टूल पुसून आणून दिलं. घरी बायको म्हणाली, झालं ना मनासारखं. कप्तान म्हणाले, "स्थगित म्हणजे रद्द नव्हे. मागताना हे नीट समजावून सांग."

पुढच्या आठवड्यात मॅडम दुपारच्या रिकाम्या वेळी लिफ्टमध्ये शिरल्या. मजला सांगितला नाही. पिशवीतून एक कागद काढून कप्तानांपुढे धरला. भिंतीवर लावायच्या आधी तुम्हाला दाखवायचं ठरवलंय, म्हणाल्या. कोण कुठून कसा वाईट अर्थ काढेल, हे या इमारतीत तुमच्याइतकं कुणाला सुचत नाही. ही स्तुती की थट्टा हे कप्तानांनी पुढे कधीतरी ठरवायचं म्हणून बाजूला ठेवलं आणि चष्मा लावला.

नव्या चित्रात दहा माणसं नव्हती, राखाडी रंग नव्हता, खुर्ची नव्हती. एकच माणूस, इमारतीच्या दारातून बाहेर पडून चालत निघालेला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, रोज थोडं चाला. कप्तानांनी ते उजेडात धरलं, लांब धरलं, उलटंही करून पाहिलं.

"हा कुठे चाललाय?"

"कुठे नाही, काका. नुसता चालतोय. जेवणाच्या सुट्टीत."

"कचेरीतून बाहेर पडलाय. हातात काही नाही. लोक म्हणतील, याला काढलं."

मॅडमनी कानामागची पेन्सिल काढली, कागद लिफ्टच्या भिंतीवर टेकवला आणि विचारलं, मग काय करू. कप्तानांनी विचार केला. वरून कुणीतरी घंटी वाजवली, तिसऱ्या मजल्यावरून. त्यांनी ती वाजू दिली.

"परत येतोय असं दाखवा," ते म्हणाले. "एक बाण बाहेर, एक आत. आतला जरा ठळक करा."